येते म्हणावं

भोकरदन,
सोमवार

प्रिय आत्या,

तुझ्या कैलासवासी भाचीचा नमस्कार. दचकू नकोस, भुतं पत्रं लिहीत नाहीत. माझं अक्षर तू ओळखशीलच. तुला लिहायला-वाचायला मीच शिकवलं होतं आणि सही करताना तुझ्या नावातला, ‘दैवशाला’तला, ‘शा’ तुला तीन दिवस जमत नव्हता. सावकाश वाच, घाई नाही. घाई मला आहे. सकाळपासून तीन कागद फाडले. दोन ओळी झाल्या की उठते, अंगणातल्या टाकीपर्यंत जाते, परत येऊन बसते. सुमितची आई, गिरिजाकाकू, मघाशी म्हणाल्या, “बस की गं एका जागी, पायाला भिंगरी बांधलीस का?” म्हणून आधी सांगून टाकते. मी घर सोडलं त्या मंगळवारी तू सुमितला फोन केलास, तेव्हा तुझ्या तोंडून कोणता शब्द गेला ते मला कळलंय, आणि आता तुझ्याकडून मला आणखी एकच शब्द हवाय.

केदारखेड्याच्या फाट्यावर माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स अजून आहे ना गं? परवा एस.टी.तून पाहिला. एक कोपरा सुटलाय, वाऱ्याने माझा गाल फडफडत होता. वय तेवीस टाकलंय बाबांनी. मी बावीसची, मारताना एक वर्ष वाढवून मारलं. फोटोसुद्धा तोच, स्थळ म्हणून भागवतच्या घरी पाठवायला काढलेला. त्या दिवशी आईने साडी नेसवली होती आणि तू पिना टोचत होतीस. एकाच फोटोवर लग्नही उरकायचं आणि तेरावंही, आपलं घर काटकसरीचं खरं.

मला राहून राहून वाटतं, आपलं घर एका सकाळीत बदललं. तू तेव्हा चुलीपाशी होतीस. बाबांच्या फोनवर अनोळखी नंबर आला, ते गोठ्यात होते, मी उचलला आणि तोंडातून निघून गेलं, “जय भीम.” समोर कुणी खतवाला होता बिचारा. पण दारात बाबा उभे होते. वर्षभर गिरिजाकाकूंशी बोलून बोलून जिभेला वळण पडलं होतं, त्याला मी काय करू? बाबांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी नुसता फोन घेतला आणि ते खताचं बोलत बाहेर गेले. त्या दिवसापर्यंत मी त्यांची ‘माय’ होते. “माय, पाणी दे.” “माय, चष्मा कुठंय?” दुसऱ्या दिवशी ते आईला म्हणाले, “तिला म्हणावं, वाढ.” मी तिथेच ताट घेऊन उभी होते.

आईचं उलटं झालं. बावीस वर्षांत जिने माझ्या केसांना हात लावला नव्हता, ती रोज वेणी घालायला लागली. मी जन्मले तेव्हा ती आजारी होती, तू नवऱ्याकडून परत आलेली होतीस, आणि मी तुझ्या पदराखाली आले ती आलेच. आईला ते आयुष्यभर सलत होतं, हे मला त्या वेणीने कळलं. ती इतकी घट्ट ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, आता ही काहीतरी बोलेल. तीही बहुतेक माझ्या बोलण्याची वाट बघत असेल. पप्पूने माझा फोन काढून घेतला तेव्हा ती कंगव्यातले केस काढत बसली होती. ज्या भावाला मी सायकल शिकवली तो पप्पू माझ्याकडे न बघता फोन खिशात घालून गेला.

राहिलीस तू. भोकरदनच्या बाजाराला बांगड्या भरायला म्हणून मला न्यायचीस आणि मी नि सुमित रसवंतीवर बसलो की स्वतः तासभर त्याच बांगड्यांचा भाव करायचीस. सुमितचं नाव मी फोनमध्ये ‘संध्या शिवणक्लास’ म्हणून घातलं, तर तू त्याला तोंडावर “काय गं संध्या” म्हणायचीस आणि तो लाजायचा. म्हणून भागवतचं ठरलं तेव्हा मी तुझ्याकडेच आले. तू तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, “जालन्यात मस्तगडला दुकान हाय, पोरगा निर्व्यसनी हाय. बिलकुल इसर त्याला, माय. सगळं बराबर होईल.” आणि खडा काढून बाजूला ठेवलास. माझ्या पायाखालची जमीन त्या वाक्याने सरकली, बाबांच्या गप्प बसण्याने नव्हे. आता तुझी बाजू कळते. भावाच्या घरात पंचवीस वर्षं राहिलेल्या बाईला दुसरं दार नसतं. तेव्हा मात्र मी तुझा राग राग केला, आणि तरी निघायच्या दिवशी तुझ्याशिवाय कुणाला सांगणार होते?

ठरलेलं तुला आठवतंय ना? मला शोधायला पप्पू आधी जालन्याला सुमितच्या खोलीवर जाणार, म्हणून मी संभाजीनगरला माझ्या मैत्रिणीच्या, बेबीनंदाच्या खोलीवर राहायचं, आणि मी निघाले की तू सुमितला फोन करून म्हणायचं, “ब्लाऊज शिवून झालं.” बाकी काही बोलायचं नाही. नंबर कागदावर लिहून मीच तुझ्या पानाच्या चंचीत घातला होता. मला तो पाठ नव्हता. वर्षभर ‘संध्या शिवणक्लास’वर बोट ठेवत आले, आकडे कधी बघितलेच नाहीत. तू कुरकुरलीस, “ब्लाऊज-बिऊज मला न्हाई जमायचं, मी आपली सरळ बोलंन.” मी हसले. मंगळवारी पहाटे तुझ्या पाया पडले आणि घाईत म्हणाले, “जाते आत्या.” तू तशातही माझ्या पाठीत धपाटा घातलास. “जाते म्हणू न्हाई. येते म्हणावं.” शाळेला निघतानाही तू तेच म्हणायचीस. मी परत वळले आणि म्हणाले, “येते.”

पुढचं तू गावाकडून पाहिलंस, मी बेबीनंदाच्या फोनवर पाहिलं. बाबांनी त्याच संध्याकाळी फ्लेक्स छापायला टाकला. बुधवारी सकाळी तो फाट्यावर लागला आणि पप्पूने त्याचा फोटो स्टेटसला ठेवला. गुरुवारी एकाच ग्रुपवर दोन फोटो आले. एक माझ्या श्रद्धांजलीचा आणि दुसरा सुमितच्या गाडीचा. बुधवारी भर दुपारी, राजूरच्या पुढे, ती उभ्या ट्रॉलीवर आदळली होती. तो पळून चालला नव्हता गं. तो मला शेवटचं बघायला निघाला होता.

त्याच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाला मी मागे दाराशी जाऊन बसले. गिरिजाकाकूंनी वळून बघितलं, उठल्या, सगळ्यांच्या मधून आल्या आणि माझे गाल चाचपून म्हणाल्या, “तू जिती हायेस, पोरी?” मग हात धरून घरात घेऊन गेल्या. तेव्हापासून मी इथेच आहे. त्याचे वडील, संपतगुरुजी, रोज मला पेपर वाचायला देतात, जणू तेवढंच काम त्यांना सुचतं. त्याची बहीण पायल माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

तीन महिने मी तुला दोष देत होते. तू फोन केलाच नाहीस असं धरून बसले होते, आणि रोज मनातल्या मनात तुझ्याशी भांडून झाल्याशिवाय मला घास गिळवत नव्हता. काल गिरिजाकाकू शेंगा फोडता फोडता थांबल्या आणि पोटात ठेवलेलं त्यांनी बाहेर काढलं. मंगळवारी रात्रीच्या जेवणाला सुमितने त्यांना फोन केला होता. “आई, ती निघाली. आत्याचा फोन आल्ता.” खूश होता, दोनदा जेवलो म्हणाला. बुधवारी फ्लेक्सचा फोटो बघून निघण्याआधी परत फोन केला. तेव्हा म्हणाला, “आई, आत्या काल म्हणल्या, तृप्ती गेली रे. त्या रडून राह्यल्या व्हत्या. मला समजलंच न्हाई. मी हसलो, आई.”

आत्या, म्हणजे तू फोन केला होतास. तू सरळ बोललीस, आणि सरळ बोलताना तुझ्या तोंडून तोच शब्द गेला जो तू मला जन्मभर बोलू दिला नाहीस. मी हे तुला टोचायला लिहीत नाही. अंगणवाडीच्या बाई सांगतात की तू जेवत नाहीस, दाराशी बसतेस, कुणी विचारलं तर म्हणतेस, “माझ्या तोंडानं पोरगं गेलं.” म्हणजे तुलाही ते कळलंय आणि तू तिथे एकटीच ते घेऊन बसलीयेस. दोष वाटायचाच असेल तर जाते म्हणणारी मी होते, फ्लेक्स लावणारे बाबा होते, तो छापून देणारं आणि वाचून पुढे पाठवणारं सगळं गाव होतं. हे पत्र त्यासाठी नाही. गुरुवारी दहाच्या गाडीने मी फाट्यावर उतरणार आहे. गिरिजाकाकू माझ्याबरोबर येतायत. जालन्याला जाता-येता त्यांना दर वेळी त्या फ्लेक्सखालून जावं लागतं, म्हणून तो मी माझ्या हाताने उतरवणार आहे. बाबा बाहेर येतील, पप्पूही येईल, आणि मला पाहूनही न पाहिल्यासारखं करतील. त्यांच्या लेखी मी मेलेय, आणि मेलेल्या माणसाने मी जिवंत आहे म्हणून किती ओरडलं तरी ते कोण ऐकणार? ते दुसऱ्या कुणीतरी म्हणावं लागतं. तू ये. चालवत नसेल तर अंगणवाडीच्या बाईंचा हात धरून ये. भर फाट्यावर, सगळ्यांच्या देखत, एवढा एकच शब्द म्हण, आत्या: “आली.”

तुझीच,
तृप्ती

ता.क. पत्र संपवताना ‘जाते’ लिहिलं होतं, खोडलंय. येते.