भोक न पाडलेली कुंडी

रविवार, संध्याकाळ

काल वाशीमच्या कुंभाराकडे अकरा कुंड्या टिचकी मारून नापास केल्या. बारावी, वेलबुट्टीची, खणखणीत वाजली. दारात तेलाच्या जुन्या डब्यात लावलेल्या जास्वंदीसाठी हीच! तळाचं भोक मात्र मीच पाडणार होतो. कुंभाराचं भोक कधी मधोमध नसतं. आज ड्रिल मशीन मागून आणलं, तर बायकोने कुंडीत सकाळपासून पिण्याचं पाणी भरलेलं.

“अवो, तुमीच म्हणत होते ना, असा भाजलेला माल जिल्ह्यात नाही? मंग तिले भोक कायले पाडून राह्यले?”

चूक माझीच. इतकं कौतुक करायचंच कशाला? तरी कुंडी आणि माठ यांतला फरक मी अर्धा तास समजावला. घसा कोरडा पडला. तिने त्यातलाच पेला पुढे केला.

दुसरा पेला मीच मागितला. जास्वंद तेलाच्या डब्यातच आहे.