राजाच्या फोटोला हार

ॲन आर्बर,
१६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाबा,
सविनय जय भीम.

हार घातला आणि फोटो भिंतीवरून घसरला. एका हाताने मी राजेसाहेबांना धरलं, दुसऱ्या हातात पेटती मेणबत्ती. गुरुदत्त ओरडला, "मेणबत्ती मागे घे यार, दाढी पेटेल त्यांची!" तेवढ्यात दार उघडून नासेर आत आला.

आधी खुशाली. आम्ही बरे आहोत. सोनलची नवी नोकरी ठीक चालली आहे. थंडी सुरू झाली. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो बाबा" म्हणतो. या वेळी मला वाक्यं पूर्ण करायची आहेत. तुमच्या डोळ्यांना अजून ताण चालत नाही, म्हणजे हे शीलाताईच वाचून दाखवणार. ताई, काही गाळू नकोस.

नासेर आमच्या समोरच्या घरात राहतो. आखातातल्या एका राज्यातून इथे पीएचडी करायला आला आहे. गुरुवारी त्याच्या देशाचे राजे वारले. बायको माहेरी गेलेली, माणूस एकटा. आम्ही मित्रमंडळींनी म्हटलं, आपल्याकडे करतात तसं करू. शोकसभा. बिल्डिंगचा हॉल मिळाला. सोनलने राजांचा मोठा फोटो छापून आणला. झेंडू मिळाला नाही, म्हणून शेवंतीचा हार ओवला. गुरुदत्तने भाषण लिहिलं. त्यात 'कधीही भरून न निघणारी पोकळी' होती. हा पुण्याचा मुलगा, बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो. त्या राजाचं नाव त्याने शुक्रवारी पहिल्यांदा ऐकलं होतं.

नासेर फोटोकडे बघत राहिला. मग जवळ आला, हार हळूच काढून टेबलावर ठेवला आणि मेणबत्ती फुंकली. आम्ही सगळे दोन मिनिटं शांत उभे राहणार होतो, ते आपोआपच झालं.

"हे तुम्ही माझ्यासाठी केलंत?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "चुकलं का?"

"पूर्ण चुकलं," तो म्हणाला, आणि हसला. "जेवणही केलंय का?"

जेवण होतं. मग खुर्च्या गोल झाल्या आणि शोकसभेची पंगत झाली.

सोनलने विचारलं, "तू रडलास?"

"रडलो. गाडीत. फोटोसमोर नाही."

त्याने सांगितलं ते असं. राजे सकाळी गेले, दुपारच्या नमाजानंतर त्यांना पुरलंसुद्धा. अंगावर पांढरं कापड, वर त्यांचा रोजचा अंगरखा, साधी लाकडी तिरडी. दफनभूमी सगळ्यांची. शेजारच्या कबरीत एखादा ड्रायव्हर असेल. कबरीवर नाव नाही. दुकानं उघडी. झेंडाही खाली येत नाही, कारण त्यावर देवाचं नाव आहे आणि ते कुठल्याही माणसासाठी खाली येत नाही.

"अरे पण राजा होता ना तो?" गुरुदत्त म्हणाला.

"म्हणून तर," नासेर म्हणाला.

गुरुदत्तने भाषणाचा कागद खिशात घातला.

बाबा, मला आपल्या वसतिगृहाच्या गेटजवळचा चौथरा आठवला. संस्थेच्या कमिटीने तुमच्या हयातीतच तुमच्या पुतळ्यासाठी बांधलेला. तुम्ही त्याला फालतूपणा म्हणता आणि संध्याकाळी त्याच्यावरच पाय सोडून बसता, असं ताई सांगते.

मग गादीचा विषय निघाला. त्याच संध्याकाळी लोक नव्या राजाकडे जातात आणि त्याचा हात हातात घेऊन निष्ठेचा शब्द देतात. आधी भाऊ, मग बाकीचे. "आमच्याकडे गादी भावाकडून भावाकडे जाते," नासेर म्हणाला, "त्यामुळे दर वेळी नवा राजा म्हाताराच मिळतो." सगळे हसले. गुरुदत्तला हसून थांबता येत नाही. तो म्हणाला, "आमच्याकडेही एक युवराज आहे. हा विवेक. याचे वडील, दादाराव. उमरेडला मुलींचं वसतिगृह काढलंय त्यांनी. डिसेंबरच्या सभेत हा अध्यक्ष होऊन गादीवर बसतोय!"

नासेर उठला. गंभीर चेहरा करून माझ्यासमोर आला आणि हात पुढे केला. "मग पहिला शब्द माझा." त्याच्या मागे गुरुदत्त, त्याच्या मागे बाकीचे, रांगच लागली. सोनलने व्हिडिओ सुरू केला.

माझा हात पुढे गेला नाही. हातात ताट होतं असं सांगता आलं असतं. नव्हतं.

मी म्हटलं, "चुकीच्या माणसासमोर उभा आहेस. ती खुर्ची माझ्या बहिणीची आहे."

"तुमच्यात मुलीला चालतं?"

"चालतं. कायद्याने चालतं, संस्थेच्या घटनेत चालतं."

"मग ती का बसत नाहीये?"

"तिला कुणी विचारलं नाही."

नासेरने हात मागे घेतला. "आमच्यात निदान मुलींना आधीच माहीत असतं," तो म्हणाला.

ताई, थांबू नकोस. वाच.

बाबा, वसतिगृह ताई चालवते. तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी ती बसते. पंप बिघडला तर मेकॅनिकला घरून उचलून आणते. कुठल्या मुलीचा बाप दारू पिऊन गेटवर येतो आणि त्याला कुठल्या आवाजात परत पाठवायचं, ते तिला कळतं. मला पंप कुठे आहे तेही नक्की माहीत नाही. माझ्याकडे फक्त तुमचा मुलगा असणं आहे.

लहानपणी तुम्ही आम्हाला अंगणात उभं करून संविधानाची प्रास्ताविका म्हणायला लावायचात. ताई कधी चुकली नाही. मी 'दर्जाची व संधीची समानता' इथे अडकायचो आणि तुम्ही म्हणायचात, "पुन्हा म्हण." आज म्हणतो आहे.

आम्ही इथेच राहणार आहोत. हे मी दोन वर्षं टाळलं. डिसेंबरमध्ये येतोय, तिकीट काढलंय, पण खुर्चीसाठी नाही. मागच्या रांगेत बसेन. तुम्ही ताईचं नाव घेतलंत तर हात द्यायला पहिला मी उठेन. माझं नाव घेतलंत तर उभा राहून नाही म्हणेन, सगळ्यांसमोर. ते मला करायला लावू नका.

आणि एक. त्या राजाला स्वतः गेल्याशिवाय गादी देता आली नाही. तुम्हाला येते. दिल्यावर बाजूला बसून ती कशी चालवते ते बघता येतं. चुकली तर रागावताही येतं. तुम्हाला ते आवडेलच.

थंडीत फिरायला उशिरा निघत जा.

तुमचाच, आणि एवढं एक तुमचं न ऐकणारा,
विवेक


उमरेड,
३ डिसेंबर २०२५

प्रिय विवेक,
जय भीम.

पत्र काल संध्याकाळी मिळालं. वाचून दाखवलं. एका ठिकाणी थांबले होते, कुठे ते सांगणार नाही. बाबा म्हणाले, "पुढे वाच." तुला एवढं सुचायला एक राजा मरावा लागला, हे मात्र मी लक्षात ठेवीन.

वाचून झाल्यावर बाबांनी भाकरी मागून घेतली, जेवले, झोपले.

आज सकाळी गॅसवाला आला. नेहमीसारखा ऑफिसात बाबांसमोर जाऊन उभा राहिला. बाबा म्हणाले, "माझ्याकडे काय? अध्यक्षांना विचार."

"विवेकदादा आले काय जी?" त्याने विचारलं.

"शीलाताई," बाबा म्हणाले.

मी बाहेर जाऊन सिलिंडर उतरवून घेतले.

शीला