दिव्यांना पडलेली खाच

लालबाग,
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादास कोंडीरामचा दंडवत.

इकडे ठीक आहे. म्हणजे जिना चढताना दम लागतो. डॉक्टर म्हणतो काही नाही, पण त्याला कुठे तीन मजले चढायचे आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीला आठवण सांग. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे.

माझी नात मनवा फोटो काढते, तुला ठाऊक आहे. तिच्या नव्या कॅमेऱ्यात आरसा नसतो म्हणे, मध्ये एक कडी बसवली की कुठलीही जुनी लेन्स चालते. दिवाळीत तांदळाच्या डब्यामागे तिला एक सापडली. रशियन, आपण दोघं कामाला होतो त्या स्टुडिओत होती तशी. तिने मला गॅलरीत उभं केलं. माझा चेहरा एकदम साफ, आणि मागच्या दिव्यांच्या माळा म्हणजे नुसते गरगरणारे गोळे.

"अप्पा, मागचं असं नव्या लेन्सला येतच नाही," म्हणाली. "कुणाची ही?"

मी म्हटलं, माझी.

तो फोटो आता दादरला प्रदर्शनात लागणार आहे, खाली 'आजोबांच्या लेन्सने' असं लिहून. लावू नको म्हणावं तर ती कारण विचारते. त्यात तुझ्या सुशांतचा फोन आला. "आजोबांना फोटो दाखवला, पण तुमच्या तोंडाकडे त्यांनी बघितलंच नाही, अप्पा. मागचे दिवे मोठे करकरून बघितले आणि मोबाईल परत दिला."

तेव्हापासून फोन वाजला तरी मी उचलत नाही.

प्रत्येक गोळ्याला नखाएवढी काळी खाच आहे, दादा. काचेच्या कडेचा टवका उडाला तेव्हा त्यावर शाई तूच लावली होतीस. म्हणाला होतास, आता दिव्यांना खाच पडणार, पण आपली लेन्स कुठेही ओळखू येईल.

चोरायची नव्हती. गिरणी संपाच्या वर्षी माझं लग्न ठरलं, तेव्हा आनंदीचा फोटो काढायला एका रविवारी नेली, दोस्ताच्या कॅमेऱ्यावर लावायला. सोमवारी परत ठेवायला आलो तर मालक लेन्स कुठेय म्हणून तुझी कॉलर धरून उभा. लेन्स माझ्या जेवणाच्या पिशवीत होती. मी दारातूनच मागे फिरलो. तू गावी गेलास, आणि मालकाने तुझ्या जागी मला उभं केलं.

तो रोल मी धुतलाच नाही. तिच्या मागच्या झाडांतल्या उजेडाला खाच दिसली असती. आनंदी जाईपर्यंत विचारायची, माझा फोटो कुठाय. बेचाळीस वर्षं ती लेन्स ना वापरता आली, ना विकता, ना टाकता. घर रंगवायला काढलं की आधी तिची जागा बदलायची. तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तरी मी खोटंच बोललो असतो.

मनवा संध्याकाळी हे पत्र टाकायला नेईल. पत्ता तिलाच घालायला सांगितलाय. पाकीट मी चिकटवलेलं नाही. फोटोखाली कुणाचं नाव लिहायचं, ते तिने वाचून ठरवावं.

तुझ्या जागी उभा राहिलेला,
कोंडी