विहारावरचे पत्रे

आई, जय भीम.

समुद्राच्या वाऱ्याने सुटलेली ताडपत्री मी पुन्हा बांधत होते, तेव्हा मामा म्हणाला, “आम्रपाली, ताईला लिही, घर उभं राहिलं.”

घर उभं नाही. चक्रीवादळानंतर तू मामाच्या घरासाठी पाठवलेले पत्रे त्याने विहारावर चढवले. पंचनाम्याचे साहेब देवळापर्यंत आले होते. बौद्धवाडी त्यांना लांब पडली.

“आणि तुझं छप्पर?” मी विचारलं.

“माझ्या घरात पोरं अभ्यासाला बसतात का?”

“पोरं कोरडी, बायको ओली,” मामी आतून म्हणाली आणि खोकत राहिली. दोन पावसाळे तिने ताडपत्रीखाली काढले.

तू काळजी करू नकोस. बाबांचे गुडघे कसे आहेत?

तुझी,
आम्रपाली

ता. क. आज सकाळी मामी महाडला, तिच्या भावाकडे राहायला गेली. मामाने तिची पिशवी एसटीत ठेवली.