फाटक्या कानाची मादी

मंगळवार, संध्याकाळ

चोरखमारा तलावाच्या पाळीवर, बांधावर, मादी बिबट बसली होती, उजेड जवळजवळ गेलेला. लेन्स एकच. आधी माझ्या जुन्या, लहान सेन्सरच्या क्रॉप कॅमेऱ्यावर लावली, मग मित्राकडून आणलेल्या मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेमवर. फुलफ्रेमचा फोटो स्वच्छ, पण मादी एवढीशी. मोठी केली तर कान पुसट. क्रॉपमध्ये मोठी, पण कमी उजेडामुळे फोटोभर नुसते दाणे. आता फुलफ्रेमच विकत घ्यायचा, असं मी ठरवूनही टाकलं.

जंगलाच्या गेटवर गाईड मंसारामभाऊंना दोन्ही दाखवले. स्वच्छ फोटोवर म्हणाले, "मस्त हाय जी. पन कोन होय थे?" दाणेदार पाहताच ओरडले, "हे तं कानफाटी! पावसाळ्यापासून दिसली नव्हती. जित्ती हाय!"

फाटका कान. दहा मिनिटं ती समोर बसली होती आणि मला तो दिसला नाही. मी कॅमेरे बदलून राहिलो होतो.