सिग्नल आल्याशिवाय उचलायचं नाही

शनिवार, ३
जवळजवळ वर्षाने घरी. मधल्या सुट्ट्या कंपनीने खाल्ल्या, कारण माझ्या जागी बदली क्रेन ऑपरेटर मिळेना. मिळणार कुठून? भर समुद्रात, लोखंडी खांबांवर उभ्या असलेल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, चाळीस टनांचं ओझं अलगद टेकवायचं म्हणजे खायचं काम नाही.

दार सासूबाईंनी उघडलं. ठमी त्यांच्या मागे. मागच्या सुट्टीत रांगत होती, आता चांगली पळते. पळालीच. बायकोने पकडून आणलं आणि म्हणाली, बघ, बाबा आला. ठमीने आधी आईच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, काका.

मोठ्या माणसाला एकदम अरे-तुरे करायचं नाही, ही समज दोन वर्षांच्या पोरीला आहे. माझ्यावर गेली आहे.

उद्यापासून फॅमिली ट्रिप. आधी थीम पार्क, मग क्रूझ. सगळं प्लॅनिंग मी प्लॅटफॉर्मवरून केलंय. संकल्प : ट्रिपभर फोन बंद. रोज तिच्या जेवणाच्या वेळी मी तिला फोनवर बघतो. आता अख्खा बाप समोर असताना फोन कशाला? परत येईपर्यंत ठमी माझ्याशिवाय झोपणार नाही, हे इथे लिहून ठेवतो.

रविवार, ४. सकाळी
निघण्यापूर्वी हॉलमध्ये टूलबॉक्स मीटिंग घेतली. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करण्याआधी सगळ्यांना उभं करून धोके कोणते, कोण कुठे थांबणार, ते सांगतात. सासूबाईंनी बसून ऐकलं. काही शंका, असं शेवटी विचारलं तर म्हणाल्या, गॅस कोणी बंद केलाय का तेवढं सांगा.

कोणीच केला नव्हता. तरी मीटिंग उपयोगी पडली म्हणायची.

रविवार. विमानतळ
ठमीला उचलून घेण्याचा पहिला प्रयत्न. वजन साडेअकरा किलो. मी टनांत खेळणारा माणूस. पण टनांचं ओझं कमान करून मागे वाकत नाही आणि कानात किंचाळत नाही. लोक बघायला लागले. सिक्युरिटीवाल्याने बायकोला बाजूला घेऊन विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का. बायको हो म्हणाली. जरा उशिरा म्हणाली असं वाटलं, पण गडबडही होती.

चूक पद्धतीची आहे. क्रेनचा पहिला नियम : खाली उभ्या माणसाने हाताने सिग्नल दिल्याशिवाय हुक हलवायचा नाही. ठमीचा सिग्नल सोपा आहे, दोन्ही हात वर. आईला देते, आजीला देते. ठरलं तर. तिने माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले की मगच उचलायचं. उद्यापर्यंत होऊन जाईल.

सोमवार, ५. थीम पार्क
गेटवर सहा फुटी ससा. बाहेरून गुलाबी लोकर, आत माणूस. सकाळच्या मीटिंगमध्ये मी आवर्जून सांगितलं होतं की ठमी सशाला घाबरेल, आणि ती घाबरली की मी पुढे व्हायचं. ठमीने ससा पाहिला आणि दोन्ही हात वर केले. कोपरं सरळ, बोटं उघडी. असा स्वच्छ सिग्नल आमच्याकडे वीस वर्षं नोकरी केलेली माणसं देत नाहीत.

सशाने उचललं. मी फोटो काढले. फोटो काढायला कोणीतरी लागतंच.

संध्याकाळी दुकानातून सशाच्या कानांचा हेअरबँड घेतला आणि जेवण होईपर्यंत घालून बसलो. ठमीने पाहिलं नाही. सासूबाईंनी पाहिलं.

मंगळवार, ६
फिरत्या कपबशांमध्ये एका कपात तिघांचीच सोय. तिघी बसल्या. मी कठड्याशी उभा राहून दर फेरीला हात हलवला. चौथ्या फेरीला ठमीनेही हलवला. मागे वळून पाहिलं तर ससा उभा.

मोठ्या राइडला ठमीची उंची पुरत नाही, म्हणून मी एकटा गेलो. एकट्याने आलेल्यांची रांग वेगळी असते, रिकाम्या उरलेल्या सीट भरायला. भराभर सरकते. कुटुंबवाले बिचारे तासन् तास ताटकळतात. मी तीनदा बसलो. खाली फोटो विकतात. शेजारी दरवेळी वेगळंच कोणीतरी, आणि ते मागच्या सीटवरच्या आपल्या माणसाकडे वळलेलं. एक फोटो घेतला. मी छान हसतोय. डोळे मिटलेत, एवढंच.

बायको म्हणाली, तिला जरा वेळ दे. मी म्हटलं, वेळच तर घेऊन आलोय. तिने माझ्या ताटात तिच्या वाटचा केक ठेवला.

बुधवार, ७. जहाज
आता माझं राज्य. समुद्र म्हणजे माझी गल्ली. सासूबाईंना लाटांबद्दल सविस्तर माहिती दिली. त्या ऐकता ऐकता झोपल्या, म्हणजे भीती गेली.

केबिन आटोपशीर. चार बिछाने, इवलंसं बाथरूम, भिंतीत तिजोरी. दोघांचेही फोन तिजोरीत टाकले. काउंटरवरची मुलगी इंटरनेट पॅकेज घ्या म्हणून मागे लागली होती. मी तिला म्हटलं, ज्याचं घर सोबत आहे त्याला इंटरनेट कशाला? तिला वाक्य आवडलं असावं. तिने पुढच्याला बोलावलं.

दुपारी सेफ्टी ड्रिल. नारिंगी लाइफ जॅकेट घालून एक खलाशी समोर उभा राहिला, आणि ठमी त्याच्याकडे बोट दाखवून ओरडली, बाबा! फोनवर मी कायम कामाच्या नारिंगी बॉयलर सूटमध्ये असतो ना. शब्द येतो म्हणजे अर्धं काम झालं, आता फक्त योग्य माणसाला लावायचा. खलाशी मला सॉरी म्हणाला. मी म्हटलं, चालायचंच.

गुरुवार, ८
जहाज हलतं. प्लॅटफॉर्म समुद्रात असला तरी समुद्राच्या तळात रोवलेला, घरासारखा जागचा हलत नाही. हा फरक कोणीतरी आधी सांगायला हवा होता.

सकाळपासून बाथरूममध्येच आहे. सासूबाईंनी दोनदा नाश्ता केला. ठमी दारात उभी राहून माझ्याकडे टक लावून बघते. तिने मला नाव पाडलं आहे : ओ-ओ काका. मी ओ-ओ करतो म्हणून. परक्या माणसाला कोणी नाव पाडत नाही. प्रगती आहे.

दुपारी
तिघी वर डेकवर गेल्या आहेत. गोल खिडकीत एकदा आकाश, एकदा पाणी. वरून कुठल्या तरी मुलाच्या हसण्याचा आवाज येतो, ठमीचा आहे की नाही ते मला ओळखता येत नाही. फोनवर आवाज वेगळा यायचा.

प्लॅटफॉर्मवर वर्ष काढलं, तिथे असं कधी झालं नव्हतं. आज फार एकटं वाटलं. पोटात काही नाही म्हणून असेल.

शुक्रवार, ९
ठमीने कालपासून अन्नाला तोंड लावलेलं नाही. तिजोरीसमोर बसून बाबा, बाबा करत रडते. मी शेजारी जमिनीवर बसलो आणि म्हटलं, अगं, मीच बाबा. तिने रडणं थांबवून मला नीट न्याहाळलं. मग आधीपेक्षा जोरात रडायला लागली.

बायकोने सांगितलं, रोज जेवताना फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवते, तू दिसल्याशिवाय ती घास घेत नाही, पार्कात सशाच्या नादात जेवली तेवढीच. मला इतके दिवस वाटायचं की मी तिला जेवताना बघतो. तीही मला बघत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, काय करायचं ते करा, पण पोर उपाशी आहे.

काउंटरवर जाऊन दोन फोनांचं पॅकेज घेतलं. काउंटरवरची मुलगी काही बोलली नाही. चांगली मुलगी आहे. मग नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं, बाथरूममध्ये जाऊन दार लावलं, कमोडवर बसलो आणि बाहेर बायकोला व्हिडिओ कॉल लावला. मळमळत होतं, ते गिळलं.

बाबा! हाक आधी दारातून आली आणि मग फोनमधून. सगळे दात दाखवून हसली. अर्धं केळं खाल्लं. पाव खाल्ला. मी आ करून दाखवला की ती आ करायची. मग मधेच तिने फोनकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले. कोपरं सरळ, बोटं उघडी.

सिग्नल आला की थांबायचं नसतं. कॉल बंद केला आणि जॅकेटसकट दार उघडून बाहेर धावलो.

तिने हात खाली घेतले. माझ्या हातातून फोन ओढला. काळा स्क्रीन पाहिला, फोन उलटा करून मागे पाहिलं, आणि आईकडे तक्रार केली की काकाने बाबा बंद केला.

बायको हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी ठमीकडून फोन मागून घेतला, परत आत गेलो, दार लावलं आणि पुन्हा कॉल लावला. अर्धं केळं राहिलं होतं.

मंगळवार, १३. टॅक्सीत
घरी आलो तोच कंपनीचा फोन. बदलीवर आणलेल्या माणसाची पाठ धरली, ताबडतोब या. माझ्याशिवाय चालत नाही, हे शेवटी त्यांनाही कबूल करावं लागलं. उरलेली सुट्टी पुढे कधीतरी.

निघताना ठमीने हात वर केला. एकच, टाटा करायला. पण कोणी न सांगता, आपणहून. बायको फाटकापर्यंत आली. पोचल्यावर फोन कर, म्हणाली, ती जेवायची थांबेल. ट्रिपचा एकंदर आढावा : समाधानकारक.

गुरुवार, १५. प्लॅटफॉर्म
तिच्या जेवणाच्या वेळेला ब्रेक घेतला. हेल्मेट न काढता कॉल लावला.

ठमी धावत आली आणि स्क्रीनचा मुका घेतला. क्षणभर सगळं धूसर दिसलं. मग घास घेत घेत तिने मला सगळी ट्रिप सांगितली. मोठा ससा. मोठी बोट. आई होती. आजी होती. मी विचारलं, आणखी कोण होतं? तिने विचार केला आणि सांगितलं, ओ-ओ काका.

काका कसे होते, असं विचारलं. छान, म्हणाली.

मग घास गालात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. विचारलं, बाबा नाही आला?

तिच्या मागे बायको उभी होती. तिने मान खाली घातली. मी हेल्मेट नीट केलं आणि म्हटलं, पुढच्या वेळी नक्की येतो.