भाटाच्या चोपडीतली मोकळी जागा

मांडवगण फराटा
मंगळवार, २ फेब्रुवारी १९९९

शाळा सुटल्यावर एम.ए.चं पुस्तक घेऊन बसले होते. चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रज उमरावाचं घराणं. तीन मुलगे, त्यांची नावं, पदव्या, लढाया. त्याच्या शिकारी कुत्र्याचंसुद्धा नाव दिलंय. आणि शेवटी नुसतं, 'शिवाय चार मुली'. कुत्र्याला नाव! मी एकटीच हसले. काय ही माणसं!

तेवढ्यात भाट आला, आमच्या घराण्याची वंशावळ सांभाळणारा. ओसरीवर चोपडी उघडून आबांना, म्हणजे सासऱ्यांना, पिढ्या वाचून दाखवायला लागला. आबांच्या पणजोबांची घोडी आली, चंद्री. मग माझ्या नवऱ्याच्या नावाखाली बोट ठेवून म्हणाला, "हितं अजून मोकळंच हाय."

माझी लेक मुक्ता तेव्हा आबांच्या मांडीवर बसून शेंगा खात होती.

मी म्हटलं, "मोकळं कसं? मुक्ता लिहा."

आबा म्हणाले, "सुमन, पोरींची नावं लिवायची रीत न्हाई."

"आबा, मग चंद्री कशी लिहिलीय?"

भाटानं चोपडी मिटली. मघाशी मी त्या इंग्रजाला हसले, ते कुठल्या तोंडानं?

चंद्री. घोडीला नाव!

उद्या सकाळी भाट शिधा न्यायला येईल. आमच्यात शिधा सुनेच्याच हातचा लागतो. सूप भरून ठेवलंय, गहू, डाळ, गूळ, सगळं. माणसाला उपाशी धाडायचं नाही. पण चोपडीत मुक्ताचं नाव पडल्याशिवाय हे सूप उंबरा ओलांडणार नाही.